झिरो बघा, माउली

या मित्रांनो, या. सायकली भिंतीला टेकवा आणि आत या. इम्तियाजभाईंच्या दुकानात आज पंक्चरवाल्यांची रांग आहे, तुमच्या चाकात हवा भरायला त्यांना इतक्यात वेळ मिळायचा नाही. तोवर त्या जुन्या टायरांच्या चळतीवर बसा. अजून थोडे पुढे सरका, माझा आवाज बारीक आहे. मी तुम्हाला एक आख्यान सांगणार आहे. मागे टाळकरी नाहीत, पेटी नाही, मृदंग नाही. पण कथा माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला गंजून जायचे नाही.

मी एक जुना नोझल आहे. पेट्रोल पंपावर काळ्या जाड पाइपाच्या टोकाला बदकाच्या मानेसारखे एक वाकडे तोंड असते, पाहिले आहे ना? तुमच्या बाबांच्या गाडीच्या टाकीत ते घालतात आणि मूठ दाबतात. तोच मी. आज खिळ्याला टांगलेला आहे. अंगावरचे निळे रबर फाटले आहे आणि एका कोळ्याने माझ्या तोंडात जाळे विणले आहे. विणू दे बिचारा. रिकाम्या तोंडात कोणीतरी नांदते आहे, तेही बरेच आहे.

मी घडलो दूरच्या एका कारखान्यात. तापलेला रस साच्यात ओतला, निवला, घासला, पुसला, आणि मला आकार आला. शेवटी एका वयस्क कारागिराने माझ्या पोटात एक नाजूक खटका बसवला. टाकी काठोकाठ भरली की तो खटका आपोआप पडतो आणि पेट्रोल थांबते. खटका बसवून झाल्यावर त्या माणसाने मला दोनदा वाजवून पाहिले आणि स्वतःशीच पुटपुटला, "टाकी भरली की थांबायचं, त्याच्या आधी नाही." माझ्या आयुष्यातला गुरुमंत्र तो एवढाच. तो मी चौदा वर्षे पाळला. आणि एकदा तोच पाळल्याचे मला फार दुःख झाले. पण ते पुढे येईल. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, उत्तररंग नंतर.

चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या पंपावर मला बसवले. चाकण म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यापैकी निम्म्यांचे आईवडील कंपनीतच असतील. पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा पंपावर येई, पाळी भरायची वेळ झाली की दुसरा लोंढा. त्या सगळ्या टाक्यांत मी तोंड घातले आहे. नव्या कोऱ्या गाड्या, हप्ते फिटायच्या आत खिळखिळ्या झालेल्या गाड्या, दुधाच्या किटल्या लटकलेल्या गाड्या. पेट्रोल माझ्या पोटातून जाताना ऐन वैशाखातही गार लागे.

पहिल्या दिवशी ज्या हाताने मला उचलले, तो हात मला जरा खरखरीत वाटला. तर्जनीच्या बुडाशी दोरीचा जुना घट्टा होता. तो घट्टा टाळांच्या दोरीचा आहे, हे मला पुढे कळले. हा भिमाजी. जवळच्याच गावातला, शेतकरी घरातला माणूस. आसपासच्या रानात कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने पंपाचा निळा शर्ट अंगात चढवला. सगळे त्याला आप्पा म्हणत. पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असो, भिमाजी बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी पंपावर आला की कपाळाला बुक्का असे आणि आवाज बसलेला असे. मला उचलायच्या आधी तो मला कपाळाला लावी, त्यामुळे माझ्या रबरालाही बुक्का लागलेला असे.

"आप्पा, नोझलच्या पाया काय पडता?" स्वप्नाली हसायची. स्वप्नाली म्हणजे शेजारच्या मशिनीवरची मुलगी. लातूरकडची, लग्न होऊन इकडे आलेली, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखी.

"पोट भरतंय ते," भिमाजी म्हणे. "बुवांच्या गळ्यात वीणा असती, आमच्या हातात ही. ज्याची त्याची सेवा."

मित्रांनो, या माणसाचे तीन नेम होते आणि त्या तिन्हींचा मी साक्षीदार आहे.

पहिला नेम झिरोचा. पेट्रोल भरण्यापूर्वी मशिनीवरचा आकडा शून्यावर आहे, हे गिऱ्हाइकाने पाहायचे असते, म्हणजे फसवणूक होत नाही. बाकीचे लोक "झिरो बघा" असे तोंडातल्या तोंडात म्हणून मोकळे होतात. भिमाजी म्हणे, "झिरो बघा, माउली," आणि समोरचा बघेपर्यंत मूठच दाबत नसे.

"बघितला ओ काका, भरा लवकर, गेटवर हजेरीचं पंच करायचंय," एखादा म्हणायचा.

"कुठं बघितला? तुमची नजर घड्याळावर हाय. आकड्यावर टाका, मग भरतो."

दुसरा नेम माझा. गिऱ्हाइकाच्या हातात तो मला कधी देत नसे. कोणी घाईने हात पुढे केला तर म्हणे, "मी हाय ना उभा? मग तुमी कशाला हात खराब करताय?"

आणि तिसरा नेम फोनचा. त्याला कामावर ठेवले त्या दिवशी मालकांनी सांगितले होते, मशिनीपाशी मोबाइल आणायचा नाही, ठिणगी पडेल. ते त्याने देववाणीसारखे धरले. फोन केबिनच्या खणात, खण बंद. पुढे काळ बदलला. लोक मशिनीला चिकटवलेल्या कागदापुढे मोबाइल धरूनच पैसे देऊ लागले.

"सगळं जग हातात फोन घेऊन उभंय," स्वप्नाली चिडवायची, "तुमचाच काय सुतळी बॉम्ब हाय का आप्पा?"

"ती गिऱ्हाइकं. मी ड्युटीवर हाय."

तिच्यापुढे तो कधी हरला नाही, आणि तेही एका अर्थाने वाईटच झाले.

आता भिमाजीच्या घरात डोकावू. घरी कोणी नव्हते. बायको सोजराबाई आजारपणात गेली. एकुलता एक मुलगा जयदीप, मशिनींचे शिक्षण घेतलेला, हुशार. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्याला जर्मनीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. जाताना त्याने बापाच्या फोनमध्ये आपल्या नंबरला टाळांचा गजर लावून दिला. "दुसऱ्या कुणाचा फोन आला तर साधी घंटी वाजेल आप्पा, पण टाळ वाजले की समजायचं, मी आहे." दर रविवारी टाळ वाजत, आणि सोमवारी सगळा पंप जयदीपची खुशाली ऐके.

तो गेल्याला वर्ष झाले असेल. एका सकाळी लाल दाढीचा एक उंचनिंच गोरा माणूस काळी मोटारसायकल घेऊन पंपावर आला. भिमाजी पलीकडच्या गाडीत पेट्रोल भरून, मला खोबणीत अडकवून नुकताच वळला होता. हा पठ्ठ्या गाडीवरून उतरला, टाकीचे झाकण उघडले, आणि सरळ मला उचलून घेतले.

"ओ साहेब! ओ!" भिमाजी धावत आला. "ठिवा, ठिवा ते!"

"मैं... खुद," गोरा म्हणाला. त्याची हिंदी तेव्हा एवढीच होती. पुढचे तो इंग्रजीत बोलला आणि स्वप्नालीने अर्थ लावला. "आप्पा, ते म्हणायलेत, त्यांच्या देशात आपलं आपणच भरतात."

"आन् पंपावरची माणसं काय करत्यात मग?"

"माणसंच नसतात म्हणं. मशीन असती, आपलं आपण भरायचं, आत जाऊन पैसे द्यायचे."

भिमाजीने मला त्याच्या हातून काढून घेतले. "कंचा देश?"

"जर्मनी."

माझ्या अंगाला त्याच्या बोटांची पकड जाणवत होती. ती आधी आनंदाने घट्ट झाली. "आमचा जयदीप हाय तिथं! सांग गं याला, जयदीप म्हणून हाय!" आणि मग हळूहळू ती पकड ढिली पडली. तो स्वप्नालीकडे वळला. "माणसंच नसतात तिथं? मग माझ्या पोराला झिरो बघा कोण म्हणतं गं?"

स्वप्नाली पुढच्या गाडीकडे वळली.

त्या गोऱ्याचे नाव योनास. चाकणच्या एका कंपनीत तो दोन वर्षांसाठी आला होता आणि पुनावळ्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहत होता. वाटेत दहा पंप लागत असतील, पण त्या दिवसापासून तो आमच्याकडेच येई. भिमाजी म्हणे, "झिरो बघा, माउली," आणि तो आकड्याकडे नीट बघून म्हणे, "झिरो बघितला, आप्पा." मग दाढीत हसून माझ्याकडे हात पुढे करी, "आज मैं?" आणि भिमाजी त्याच्या हातावर चापट मारी. "हात मागं!" हा त्यांचा खेळ. दर आठवड्याला, न चुकता.

भिमाजी त्याची टाकी पुसून देई. पावसापाण्याचे दिवस असले की आधी झाकणाभोवतीचे पाणी टिपून घेई. घरच्या शेंगदाण्याची चटणी त्याने त्याला डबीत घालून दिली होती, आणि ती खाऊन त्या माणसाच्या डोळ्यांतून जे पाणी आले त्यावर पंप आठवडाभर हसत होता.

"एवढे लाड तर सख्ख्या पोराचे करत नाहीत," स्वप्नाली एकदा म्हणाली.

"तसं न्हाई गं. ह्यो बी कुणाचा तरी हाय. आपण ह्याला जपलं, तर तिकडं कोणतरी आपल्याला जपंल. पंपावर नसंल कोण, तर दुसरीकडं असंल."

त्याच सुमारास जयदीपने तिकडे एक जुनी मोटारसायकल घेतली. रविवारी बापाने पहिली गोष्ट हीच विचारली, की पेट्रोल भरताना काय करतोस. सोमवारी भिमाजी मला हातात धरून स्वप्नालीला सांगत होता, आणि सांगताना दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. "म्हणाला, मीच म्हणतो आप्पा. कोण नसतं ना, मग मनातल्या मनात म्हणतो, झिरो बघ जयदीप. आन् मग भरतो."

मित्रांनो, पूर्वरंग इथे संपला. आता जे सांगायचे आहे, ते सांगताना मला आजही जड जाते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जयदीपचा करार संपत आला होता. कंपनी म्हणत होती, अजून तीन वर्षांच्या कागदावर सही कर, नाहीतर महिनाअखेर मोकळा. जयदीपचे मन दोन्हीकडे ओढत होते. आणि इकडे भिमाजीचे मन एकाच बाजूला होते. दोन भाकऱ्या थापायच्या आणि एकट्याने खायच्या, याला तो कंटाळला होता. कीर्तनाहून आल्यावर बुवांनी काय सांगितले ते ऐकायला घरात कोणी नव्हते.

"मग सांगून टाका की त्याला, ये म्हणून," स्वप्नाली म्हणाली.

"न्हाई. मी आपणहून न्हाई म्हणणार. पोराच्या पायात आपल्या हातानं दोर अडकवायचा न्हाई." मला खोबणीत ठेवून त्याने फडक्याला हात पुसले. "पण त्यानं इचारलं ना, आप्पा येऊ का, तर एका शब्दानं थांबणार न्हाई. ये म्हणीन. त्यानं नुसतं इचारावं."

त्याला विचारावे, एवढेच त्या माणसाला हवे होते. बाकी देवाकडे त्याने काही मागितल्याचे मी ऐकले नाही.

गणपती उठून दोनच दिवस झाले होते. स्वप्नाली सणाला गावी गेली होती, ती अजून परतली नव्हती. पेट्रोलच्या बाजूला भिमाजी एकटाच होता. दुपारचे तीन वाजले, पाळी बदलायची वेळ झाली आणि मोटारसायकलींची रांग रस्त्यापर्यंत गेली. योनास त्या दिवशी लवकर सुटला होता. रांगेत उभा राहून त्याचा नंबर आला.

"झिरो बघा, माउली."

"झिरो बघितला, आप्पा."

मी टाकीत उतरलो. भिमाजीने मूठ दाबली, गार पेट्रोल माझ्या पोटातून खाली धावू लागले. आणि केबिनच्या उघड्या खिडकीतून टाळांचा गजर आला.

रविवार नव्हता. जयदीप कामाच्या दिवशी कधी फोन करत नसे.

मित्रांनो, आता मी जे सांगतो ते रांगेतल्या कोणाच्या लक्षात आले नाही. भिमाजीची मूठ सैल झाली. माझ्यातले पेट्रोल थांबले. मशिनीवर पळणारा आकडा अर्ध्यावरच उभा राहिला. त्याने मान वळवून केबिनकडे पाहिले. फोन कशासाठी आला आहे, हे तो पहिल्या ठोक्यालाच समजला होता. मला ते त्याच्या बोटांवरून कळले.

"आप्पा, जयदीप?" योनासने विचारले. टाळांची ती खूण त्यालाही ठाऊक होती.

"व्हय."

"जाओ आप्पा. मैं भरता हूँ." त्याने हात पुढे केला. या वेळी तो हसत नव्हता. खेळ नव्हता तो. ज्या देशात प्रत्येक जण आपले आपण भरतो, त्या देशातला माणूस खरोखर मदतीला हात देत होता.

भिमाजीने त्या हाताकडे पाहिले. मी मनात म्हणालो, दे रे, आज मला देऊन टाक.

मागून हॉर्न वाजले. "ओ काका, झोपलात काय? चला की राव, गेट बंद होईल!"

"गिऱ्हाइकाच्या हातात पाइप देत न्हाईत, साहेब," भिमाजी म्हणाला आणि त्याने पुन्हा मूठ दाबली.

टाळ वाजत होते. थांबले. लगेच पुन्हा वाजू लागले. थांबले.

आणि मी काय केले? माझ्या पोटात तो खटका होताच. तो जर तेव्हा पडला असता, तर भिमाजीने मला अडकवून चार पावले टाकली असती. पण टाकी भरली नव्हती. आणि टाकी भरल्याशिवाय थांबायचे नाही, हे मला शिकवलेले होते. मी वाहत राहिलो. दोघांनीही आपापला नेम पाळला, मित्रांनो. देव नेम पाळणाऱ्याला पावतो असे बुवा सांगत. त्या दुपारी तो कुठे गुंतला होता कोण जाणे.

योनासची टाकी भरली, तोवर पुढच्या गाडीचे चाक भिमाजीच्या पायाला टेकले होते. मग त्याच्या मागची, मग त्याच्याही मागची. रांग ओसरायला पाऊण तास गेला. त्याने मला खोबणीत ठेवले, पण मी नीट बसलो नव्हतो, अर्धवट लटकलो होतो. चौदा वर्षांत तेवढे एकदाच झाले. तो केबिनकडे धावला. फोन लावला. पलीकडे नुसती घंटी. कारखान्यात शिरताना फोन कपाटात ठेवायचा, हा तिकडचा नेम. जयदीपची जेवणाची सुट्टी संपली होती.

त्या दिवशी भिमाजी पाळी संपूनही घरी गेला नाही. हवेच्या मशिनीपाशी एका पालथ्या क्रेटवर फोन हातात घेऊन बसून राहिला. दिवेलागण झाली आणि टाळ वाजले. मला एकाच बाजूचे बोलणे ऐकू येत होते.

"हां, बोल... व्हय रं, गर्दी हुती... सही केलीस?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई न्हाई, बरं केलंस. चांगलं केलंस. तीन वर्सं काय, अशी जात्यात... मी? मला काय धाड भरलीय? झिरो बघत जा बरं का. ठिव आता."

फोन क्रेटवरच ठेवून तो माझ्यापाशी आला. मला नीट खोबणीत बसवले. माझ्या फाटक्या रबरावरून एकदा बोट फिरवले आणि घरी गेला.

चार दिवसांनी स्वप्नाली परतली. तिला सगळे सांगितले तेव्हा ती संतापली. "एक दिवस दिला असता पाइप त्या गोऱ्या साहेबांच्या हातात, तर काय पंप बुडाला असता का? आता तरी सांगा जयदीपदादाला! मी सांगते, द्या नंबर."

"न्हाई." भिमाजीचा आवाज मी कधी एवढा कठोर ऐकला नव्हता. "तिकडचे दुपारचे बारा वाजायच्या आत सही द्यायची हुती त्याला. म्हणून धडपडत फोन केला पोरानं. मी उचलला न्हाई, तर त्यानं आपला आपण अर्थ लावला. आता सांगितलं तर तीन वर्सं तिथं कुढत बसंल. सोजराची आण हाय तुला. ह्यातलं अक्षर त्याला कळता कामा नये."

स्वप्नाली रडली, पण तिने शब्द दिला.

दिवाळी झाली आणि योनासची दोन वर्षे भरली. निरोप घ्यायला आला तेव्हा त्याला मराठी बऱ्यापैकी येऊ लागले होते. भिमाजीने शेवटची टाकी भरली, पुसली आणि म्हणाला, "साहेब, एक काम कराल? तिकडं आमच्या जयदीपला एकदा भेटा. त्याच्या गाडीत एकदा तुमच्या हातानं पेट्रोल भरा. म्हंजी तिथं बी कोणतरी भरून दिलं, असं हुईल. त्या दुपारच्या फोनचं मातुर त्याला सांगू नका."

योनासने त्याचे दोन्ही हात धरले. त्या हातांच्या मधोमध मी होतो.

माघात गावचा सप्ताह बसला. भिमाजी रोज कीर्तनाला उभा राही आणि सकाळी कामावर येई. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मला वेगळ्याच हाताने उचलले. मऊ हात होता, घट्टा नव्हता, कपाळाला लावले नाही. मी वाट पाहिली. दहाच्या सुमारास स्वप्नाली रडत आली तेव्हा मला कळले. आंघोळ करून, शर्ट घालून, चपला पायात घालायला भिमाजी उंबऱ्यात बसला होता, तो पुन्हा उठलाच नाही.

जयदीपला पोचायला चार दिवस लागले. दहावा झाल्यावर तो बापाची मोटारसायकल घेऊन पंपावर आला. मी त्याला कधी पाहिले नव्हते, पण उभे राहण्याची ढब तीच होती.

"झिरो बघा, दादा," स्वप्नाली म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

"तुम्ही स्वप्नालीताई ना? आप्पा सांगायचे." तो हसायचा प्रयत्न करत होता. "तिकडं तो योनास आला होता मला शोधत. दोनशे किलोमीटर, तेही थंडीत. माझ्या हातातून पाइप घेतला, पेट्रोल भरलं आणि म्हणतो कसा, झिरो बघा माउली. भर रस्त्यात रडलो मी, ताई."

मग तो थोडा वेळ टाकीच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "एक विचारू? सही करायच्या दिवशी मी आप्पांना दोनदा फोन लावला होता. उचलला नाही. मला वाटलं, मी तिथंच राहावं असं त्यांना वाटतंय, म्हणून मुद्दाम उचलत नसतील. संध्याकाळी म्हणाले पण, बरं केलंस. खरं सांगा ताई, मी यावं असं त्यांना वाटत होतं का?"

स्वप्नालीचे ओठ हलले. पण सोजराबाईची शपथ आड आली. तिने मला खोबणीतून काढले आणि जयदीपच्या हातात दिले.

"तुम्हीच भरा, दादा."

"ए स्वप्नाली!" केबिनमधून मॅनेजर ओरडले. "गिऱ्हाइकाच्या हातात पाइप काय देते?"

"गिऱ्हाईक न्हाई ते!" ती तिथूनच ओरडली. "आप्पाचा पोरगा हाय!"

मॅनेजर पुन्हा हिशेबाच्या वहीत डोके घालून बसले.

जयदीपने मला कपाळाला लावले. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. मग त्याने मूठ दाबली, आणि मित्रांनो, तीच पकड. अर्धी टाकी झाली असेल, तोच त्याची मूठ सैल पडली. त्याने मान वळवून केबिनच्या खिडकीकडे पाहिले. आकडा अर्ध्यावर उभा राहिला, अगदी त्या दुपारसारखा. मला त्याला ओरडून सांगायचे होते, अरे, तुझा बापही असाच थांबला होता! टाळ ऐकून त्याची मूठ अशीच सुटली होती, माझ्याइतके ते कोणाला माहीत नाही! मला कोणी शपथ घातलेली नव्हती. पण तेव्हा माझे तोंड फक्त ओतायच्या कामाचे होते.

त्याने पुन्हा मूठ दाबली. टाकी भरली. मी थांबलो.

कराराची राहिलेली वर्षे पुरी करायला तो परत गेला. अजून तिकडेच आहे. गेल्या वर्षी पंपावर नव्या मशिनी आल्या, त्यांना नवे नोझल आले, आणि मी भंगाराच्या पिंपात पडलो. तिथून मला इम्तियाजभाईंनी उचलले. "याला भिमाजीचा हात लागलाय, राहू दे माझ्याकडे," म्हणाले आणि या खिळ्याला अडकवले. असे माझे आयुष्य.

जयदीप येईल तेव्हा त्याला हे सांगायचे की नाही, याचा मला अजून उलगडा होत नाही. ते मी तुमच्यावरही टाकत नाही. तुमच्याकडे माझे मागणे निराळे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कदाचित परदेशी जाल, आपले आपण पेट्रोल भराल. पण इकडच्या एखाद्या पंपावर रांगेत उभे असाल आणि केबिनमधून फोन वाजेल. पाइप धरलेल्या माणसाची मूठ क्षणभर सैल होईल, आकडा अर्ध्यावर थांबेल. तेव्हा मागून हॉर्न वाजवू नका. "जा आप्पा, आम्ही थांबतो," एवढे म्हणा. आणि तो फोन घेऊन परत येईपर्यंत उभ्या उभ्या आमच्या भिमाजीची आठवण काढा.